ड्रायसूट म्हणजे काय? बर्फासारख्या पाण्यात डायव्हरला कोरडं ठेवणारे सील कसे निवडतात?

मालवण-तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग करून आलेला माणूस मासे, प्रवाळ, व्हिडिओ असं सगळं सांगतो, पण थंडी वाजल्याचं क्वचितच सांगतो. तिथल्या समुद्राचं तापमान बहुतेक वेळा २५ अंशांच्या वर असतं. पातळ सूटवरही काम भागतं.

आइसलँडमधल्या सिल्फ्रा या भेगेत मात्र तसं चालत नाही. उत्तर अमेरिकन आणि युरेशियन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात, त्या भागात ही भेग आहे. लांगयोकुल हिमनदीचं वितळलेलं पाणी लाव्हाच्या खडकांतून कित्येक वर्षं झिरपत इथे पोहोचतं. ते इतकं नितळ असतं की सुमारे १०० मीटरपर्यंतचं दिसतं. तापमान मात्र वर्षभर २ ते ४ अंश सेल्सिअस. इथे डायव्हिंग करणाऱ्याला ड्रायसूट घालावाच लागतो.

ड्रायसूट घ्यायचा म्हटलं की लक्ष आधी ब्रँड आणि किमतीकडे जातं. पण लाखभर रुपयांचा सूटसुद्धा मनगटावरच्या एका सैल सीलमुळे कुचकामी ठरू शकतो.

वेटसूट का पुरत नाही?

पाणी हवेच्या तुलनेत साधारण २५ पट वेगाने शरीराची उष्णता ओढून घेतं. नेहमीचा वेटसूट निओप्रीन या फेसाळ रबराचा असतो. त्यात थोडं पाणी शिरतंच. ऊब टिकते ती रबरातल्या बारीक बुडबुड्यांमुळे. पण १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि ३० मीटरवर चौपट. बुडबुडे दाबले जातात, सूट पातळ होतो आणि खोलवर गेल्यावर ऊब कमी पडते.

ड्रायसूट पाणी आत येऊच देत नाही. शरीराला ऊब मिळते ती आत घातलेल्या कपड्यांमुळे आणि त्यांत अडकलेल्या हवेमुळे. हे कपडे लोकर, फ्लीस किंवा थिन्सुलेटचे असतात. सुती कपडे टाळतात, कारण ते घामाने ओले झाले की ऊब धरत नाहीत.

सूटचे मुख्य प्रकार

ट्रायलॅमिनेट: तीन थरांचं पातळ, हलकं कापड. ते लवकर वाळतं आणि प्रवासात न्यायला सोपं. पण त्याला स्वतःची ऊब जवळपास नसते, त्यामुळे सगळी भिस्त आतल्या कपड्यांवर.

निओप्रीन: अंगाला बसतो आणि स्वतःही थोडी ऊब देतो. पण जड असतो, वाळायला वेळ घेतो आणि खोलीवर पातळ होतो. आधीच दाबून घट्ट केलेल्या निओप्रीनमध्ये हा शेवटचा त्रास बराच कमी असतो.

व्हल्कनाइज्ड रबर: धुऊन निर्जंतुक करायला आणि ठिगळ लावायला सोपा. म्हणून दूषित पाण्यात काम करणारे व्यावसायिक डायव्हर तो वापरतात.

खरी परीक्षा सीलची

ड्रायसूटला पायाशी बूट किंवा मोजे जोडलेलेच असतात. उघड्या जागा उरतात तीन: गळा आणि दोन्ही मनगटं. तिथे त्वचेला चिकटून बसणारी लवचीक पट्टी म्हणजे सील. ती तीन प्रकारची मिळते.

लॅटेक्स: पातळ, भरपूर ताणला जाणारा आणि तुलनेने स्वस्त. मनगट हलवलं तरी चांगला चिकटून राहतो. पण ऊन, सनस्क्रीन आणि तेलकट पदार्थांमुळे तो चिकट किंवा ठिसूळ होतो आणि काही वर्षांत बदलावा लागतो. लॅटेक्सची ॲलर्जी असलेल्यांसाठी तो बादच.

सिलिकॉन: मऊ, त्वचेला सोसणारा, उन्हाने सहसा न बिघडणारा. नेहमीच्या गोंदाने तो चिकटत नाही, म्हणून सूटला खास रिंग बसवावी लागते. पण याच रिंगमुळे फाटलेला सील काढून नवा बसवायला काही मिनिटं पुरतात. दुकानापासून दूर असलेल्यांना हे फार सोयीचं पडतं. एक बारीकशी चीर पडली की मात्र तो झटकन फाटतो, त्यामुळे जादा सील सोबत ठेवलेला बरा.

निओप्रीन: जाड, टिकाऊ आणि तिन्हींत सर्वांत उबदार. गळ्याचा सील घातल्यावर त्याची कड आत दुमडावी लागते. तो कमी ताणला जातो. मूठ आवळल्यावर मनगटाच्या शिरा उठून दिसतात, त्यांच्या बाजूच्या खाचांतून थोडं पाणी आत येऊ शकतं.

घट्ट किती असावा?

सैल सीलमुळे पाणी आत येतं हे सहज कळतं. फार घट्ट सीलचा धोका मात्र चटकन लक्षात येत नाही. मानेच्या दोन्ही बाजूंच्या धमन्यांमध्ये रक्तदाब ओळखणारी केंद्रं असतात. सीलने त्यांच्यावर दाब आला की रक्तदाब वाढलाय असा शरीराचा समज होतो आणि हृदयाचे ठोके मंदावतात. चक्कर येते, माणूस बेशुद्धही पडू शकतो. जमिनीवर असताना गरगरलं किंवा डोकं जड वाटलं, तर 'सवय होईल' म्हणून पाण्यात उतरायचं नसतं. सील लगेच काढायचा.

नवा लॅटेक्स सील मापाला कापून घ्यावा लागतो. त्यावर वर्तुळाकार रेषा असतात. एका वेळी एकच रेषा कापायची, घालून बघायचं, मग पुढची. कड गुळगुळीत हवी, कारण जरासा खाचा राहिला तर तिथूनच सील फाटतो. निओप्रीनचा सील सहसा कापत नाहीत. तो योग्य जाडीच्या बाटलीवर किंवा डब्यावर चढवून रात्रभर ताणून ठेवतात.

बऱ्याचदा गळती होते तेव्हा सीलमध्ये दोष नसतोही. सीलखाली अडकलेला केस, दाढी, घड्याळ, गळ्यातली साखळी किंवा आतल्या कपड्याची बाही एवढंसं कारणही पुरतं.

विकत घेण्याआधी काय पाहावं?

आतले उबदार कपडे घालूनच सूट अंगावर चढवून बघावा. उकिडवं बसता यायला हवं, हात डोक्यामागे सिलिंडरच्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचायला हवा. सूट फार ढगळ असेल तर आत जास्त हवा फिरते. झिप पाठीवर असेल तर बहुधा दुसऱ्याची मदत लागते, छातीवर तिरकी असेल तर स्वतःला लावता येते.

सेकंडहँड सूट असेल तर सील ताणून बारीक भेगा शोधाव्यात, झिपचे दात तपासावेत. सील बांधून, हवा भरून वरून साबणाचं पाणी लावलं की गळतीच्या जागी फुगे येतात. पंक्चरवाला ट्यूब तपासतो, तशीच ही पद्धत.

सूट घेतला म्हणजे झालं का?

नाही. खाली जाताना आतली हवा आकसते आणि सूट अंगाला आवळतो. म्हणून छातीवरच्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरची हवा आत सोडावी लागते. वर येताना तीच हवा पसरते आणि दंडावरच्या व्हॉल्व्हमधून बाहेर काढावी लागते. पाय वर झाले तर हवा पायांकडे धावते. तिथून ती बाहेर काढता येत नाही आणि डायव्हर आवरता न येणाऱ्या वेगाने वर खेचला जाऊ शकतो. म्हणूनच ड्रायसूटचं वेगळं प्रशिक्षण असतं आणि पहिला सराव स्विमिंग पूलमध्ये होतो.

डायव्हनंतर सूट गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवतात. लॅटेक्सला बिनवासाची टाल्कम पावडर लावतात. तिथे दोन मिनिटांचा कंटाळा केला, तर त्याची किंमत पुढच्या डायव्हला २ अंशांच्या पाण्यात मोजावी लागते.