तबकडीवरून चित्रफितीवर : क्षीण ध्वनीच्या प्रश्नाचा इतिहास

डीव्हीडी तबकडीवरील चित्रपट घरच्या चित्रफितीवर उतरवला असता चित्र नीट येते, पण संवाद कुजबुजल्यासारखे ऐकू येतात, ही तक्रार ज्यांनी दोन्ही यंत्रे शेजारी-शेजारी ठेवून वापरली त्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. तिचा दोष सामान्यतः जोडतारेला किंवा मुद्रणयंत्राला दिला जात असे. वस्तुतः पुष्कळदा दोन्ही यंत्रे निर्दोष असत. ध्वनीची योग्य पातळी कोणती, याविषयी दोहोंचे संकेत मात्र भिन्न होते.

यांपैकी चित्रफितीचा संकेत जुना. जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली आणलेल्या व्हीएचएस पद्धतीत अर्ध्या इंची फितीची बहुतेक रुंदी चित्राने व्यापली आणि ध्वनीच्या वाट्याला कडेची सुमारे एक मिलिमीटरची पट्टी आली. फितीचा वेगही मंद होता. साध्या ध्वनिकॅसेटमधील फीत सेकंदास ४.७६ सेंटिमीटर सरकते. व्हीएचएस फीत अमेरिकी पद्धतीत सुमारे ३.३४, तर पाल पद्धतीत अवघी २.३४ सेंटिमीटर. भारतात १९८२ साली रंगीत दूरदर्शन आले ते पाल पद्धतीचे, म्हणून येथील चित्रफितीच्या वाट्याला हा अधिक मंद वेग आला. अशा पट्टीवर सर्वांत मोठा आवाज आणि फितीची स्वतःची खरखर यांत चाळीस-एक डेसिबलांचेच अंतर उरते. तेव्हा ध्वनी शक्य तितका वर ठेवावयाचा, हा चित्रफितीचा धर्मच ठरला. त्यासाठी घरगुती यंत्रांत स्वयंचलित पातळी-नियंत्रण बसविले गेले. क्षीण ध्वनी ते वर उचलते व प्रबळ ध्वनी दाबते. परंतु स्फोटाचा आवाज दाबल्यानंतर पूर्ववत होण्यास त्याला वेळ लागतो, आणि तेवढ्या अवधीत पुढचे वाक्य बुडते.

१९८३ पासून प्रथम बीटामॅक्समध्ये व पाठोपाठ व्हीएचएसमध्ये फिरत्या चक्रावरील शीर्षांनी ध्वनी मुद्रित करणारी ‘हाय-फाय’ पद्धती आली. तिची झेप कितीतरी मोठी होती. आरंभीच्या हाय-फाय यंत्रांवर पातळी दाखविणारे मापक व ती बदलण्याच्या कळा असत. पुढे स्वस्त यंत्रांतून त्या गाळल्या गेल्या. ही काटकसर नंतर महागात पडली.

डीव्हीडी तबकडी जपानमध्ये नोव्हेंबर १९९६ मध्ये आणि अमेरिकेत मार्च १९९७ मध्ये विक्रीस आली. तिच्यावरील डॉल्बी डिजिटल ध्वनी १९९२ पासून चित्रपटगृहांत रुळलेला होता व चित्रपटगृहाचेच संस्कार घेऊन आला. या पद्धतीत प्रत्येक ध्वनिप्रवाहाबरोबर संवादांची सरासरी पातळी सांगणारा एक अंक येतो. तो वाचून यंत्र संवादांना कमाल मर्यादेच्या ३१ डेसिबल खाली आणून बसविते. वरची सारी जागा वादळे, तोफा व वाद्यवृंद यांच्यासाठी राखलेली. अनेक चित्रपटांच्या तबकड्यांवर हा अंक उणे २७ असे, म्हणजे यंत्र सर्वच ध्वनी आणखी चार डेसिबलांनी उतरवीत असे. सहा वाहिन्यांचा ध्वनी दोहोंत मिसळताना बेरीज मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून घ्यावी लागणारी दक्षता निराळीच.

रचनाकारांना ही अडचण अज्ञात नव्हती. दूरचित्रवाणी संचाच्या अँटेना-वाटेने ध्वनी पाठविणाऱ्या यंत्रांसाठी त्यांनी वेगळी रीत योजली होती. तिच्यात सर्व ध्वनी ११ डेसिबलांनी उचलला जातो, संवाद मर्यादेच्या २० डेसिबल खाली येतात आणि शिखरे अधिक कठोरपणे दाबली जातात. चित्रफितीला हीच रीत मानवणारी होती.

उपाय अनेक सुचविले गेले. पण उपाय कोठे योजावयाचा, हाच प्रश्न कळीचा आहे. तबकडीयंत्राच्या सूचीतील ध्वनिसंकोच चालू करणे, तबकडीवर साधा दोन वाहिन्यांचा ध्वनी असल्यास तो निवडणे, अथवा दोन यंत्रांच्या मध्ये मिश्रक ठेवून पातळी वाढविणे, हे सारे उपाय ध्वनी फितीवर पोहोचण्यापूर्वीचे आहेत. मुद्रणानंतर संचाचा आवाज वाढविला तर खरखरही तितकीच वाढते. चाळीस डेसिबलांच्या अवकाशात संवाद वीस डेसिबल खाली मुद्रित झाला, तर खरखरीहून तो वीसच डेसिबल वर राहतो, आणि ही हानी मागाहून भरून येत नाही. हाय-फाय पट्टीवर खरखर कमी, पण शीर्षबदलाची गुणगुण अशा वेळी उघडी पडते.

क्षीण ध्वनीचे खापर मॅक्रोव्हिजन या प्रतिबंधक युक्तीवरही फोडले जाई. ते अन्यायाचे होते: १९८० च्या दशकाच्या मध्यापासून वापरात आलेली ही युक्ती चित्राचे पातळी-नियंत्रण बिघडविते, ध्वनीला हात लावीत नाही.

फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये चित्रफीतयंत्रांची निर्मिती थांबविली, आणि उरलेल्या फितींचे संगणकीय रूपांतर निकडीचे झाले. अशा प्रतीवरून अभिनयाचा वा ध्वनियोजनेचा अभ्यास करणाऱ्याने नटाचा हळू स्वर आणि प्रतीचा हळू स्वर यांत गल्लत करता कामा नये. उलटपक्षी, ध्वनिसंकोच करून उतरविलेल्या प्रतीत निःश्वास व किंकाळी जवळजवळ एकाच उंचीवर येतात. दिग्दर्शकाने राखलेला उतारचढाव तेथे शोधणे व्यर्थ. हाय-फाय यंत्रावर मुद्रित झालेल्या फितीत तोच ध्वनी कडेच्या पट्टीवरही असतो. रूपांतर करताना दोन्ही पट्ट्या स्वतंत्रपणे उतरवून घ्याव्यात. एखाद्या स्फोटानंतरचे पहिले वाक्य दोहोंवर ताडून पाहिले, आणि ते कडेच्या पट्टीवरच बुडालेले आढळले, तर तो दाब फीतयंत्राच्या नियंत्रणाचा. दोहोंवर सारखेच दबलेले असेल, तर त्याचे मूळ फितीच्या अलीकडे, तबकडीयंत्रात वा मध्यस्थ उपकरणात, शोधावे लागते.