गेराल्टची गोष्ट कोणाची?

पोलंडमधल्या 'फान्तास्तिका' मासिकाच्या डिसेंबर १९८६च्या अंकात 'व्येजमिन' नावाची एक कथा आली. मासिकाच्याच स्पर्धेत ती तिसरी आली होती. लेखक आंजेय सापकोव्स्की परदेश-व्यापारात नोकरी करत. पैसे घेऊन राक्षस मारणारा गेराल्ट हा कथेचा नायक. पुढे या कथेचा जगभर खेळला जाणारा व्हिडिओ गेम झाला. या प्रवासात गोष्ट सांगण्याचा अधिकार कोणाकडे गेला, हे मला तपासावेसे वाटते.

सापकोव्स्कींनी १९९९ साली कादंबरीमालिका संपवली, तीही गेराल्टला मरणाच्या दारात सोडून. २००१ साली चित्रपट आला; त्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. सीडी प्रोजेक्ट रेड या पोलिश कंपनीचा २००७चा पहिला गेम मात्र कादंबऱ्या संपतात त्यापुढे सुरू होतो. गेराल्ट जिवंत आहे, पण स्मृती गेलेली. ही युक्ती मला फार हुशारीची वाटते. कादंबऱ्या न वाचलेला खेळाडू आणि खुद्द नायक, दोघेही सारखेच अनभिज्ञ!

२०१५चा तिसरा गेम 'ओपन वर्ल्ड' प्रकारातला, म्हणजे खेळाडूने वाटेल तिकडे भटकावे असा. युद्धाने उजाड झालेला व्हेलेन प्रांत, झाडाला लटकलेली प्रेते, सूचनाफलकावरच्या चिठ्ठ्या, मेलेल्याजवळ सापडलेले पत्र. गोष्ट अशी विखुरलेली, ज्याने त्याने आपल्या क्रमाने गोळा करायची. त्यातले बॅरनचे उपकथानक पाहा. दारूच्या नशेत बायकोला मारणारा हा गढीपती, ती घर सोडून गेल्यावर तिच्या शोधाला गेराल्टला लावतो. पुढे झाडात कोंडलेल्या एका पिशाच्चाची गाठ पडते. त्याला सोडले, तर अनाथ मुले वाचतात, पण बॅरनची बायको मरते आणि तो गळफास घेतो. त्याला मारले, तर ती भ्रमिष्ट होऊन जगते, मुले मात्र जातात. १९९०च्या एका कथेत सापकोव्स्कींचा गेराल्ट म्हणतो, दोन वाईटांतून निवडायचे असेल तर मी निवडणारच नाही. गेममध्ये ही पळवाट नाही. पुढे जायचे तर हात रक्ताने भरणारच, आणि तो हात आता वाचकाचा असतो.

आणि लेखक? हक्क त्यांनी एकरकमी विकले होते. गेमवर विश्वास नसल्याने नफ्यातला वाटा नाकारला, असे त्यांनीच नंतर सांगितले. २०१८ साली त्यांच्या वकिलांनी कंपनीकडे किमान ६ कोटी झ्लॉटी मागितले. डिसेंबर २०१९मध्ये नवा करार झाला. त्याच महिन्यात नेटफ्लिक्सची मालिका आली. ती पुस्तकांवर आधारलेली, असे आवर्जून सांगण्यात आले होते. पण तिच्यातला टबात बसलेला गेराल्ट कुठून आला, हे गेम खेळलेल्यांनी पाहताक्षणी ओळखले.