आळशी गणन आणि जागेची गळती

सुभाषितकारांनीं आळसाला मनुष्याचा शत्रु ठरविलें आहे. संगणकाच्या शास्त्रांत मात्र कांहीं विद्वानांनीं १९७६ च्या सुमारास आळसाला सद्‍गुणाचें स्थान दिलें, त्याचे पुष्कळ लाभ घेतले, आणि मग त्याचें देणें फेडण्यांत पुढचीं वीस वर्षें घालविलीं. हें देणें पैशाचें नव्हतें. यंत्राच्या स्मृतींतील जागेचें होतें.

सामान्य आज्ञावलींत 'आधीं हें करावें, मग तें करावें' असा क्रम बांधून दिलेला असतो. फंक्शनल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भाषांत तसें नसतें. त्यांचें मूळ अलोन्झो चर्च या गणितज्ञानें १९३० नंतरच्या दशकांत रचलेल्या लॅम्डा-गणितांत आहे, आणि त्यांतील आज्ञावली बीजगणितांतील समीकरणांसारखी दिसते. कोणती राशि आधीं सोडवावी हें समीकरण सांगत नाहीं. तेव्हां जें उत्तर लागेल तेंच काढावें, आणि तेंही लागेल त्या क्षणीं, अशी पद्धति निघाली. तिचें नांव आळशी गणन.

न सोडविलेल्या राशीच्या जागीं यंत्र एक चिठ्ठी ठेवतें. अशा चिठ्ठीला 'थंक' हें मजेदार नांव अल्गोल ६० या भाषेच्या काळांत पडलें. पीटर इंगरमन यांचा त्यावरील लेख १९६१ चा आहे. अल्गोलमधील चिठ्ठी जितक्या वेळां मागावी तितक्या वेळां नव्यानें सोडवावी लागे. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर वॉड्सवर्थ यांनीं १९७१ च्या आपल्या प्रबंधांत यावर तोड काढली: चिठ्ठी एकदांच सोडवावी, तिच्याच जागीं उत्तर लिहावें, आणि ज्यांना तें हवें असेल त्या सर्वांनीं तेंच वांटून घ्यावें. पुढें १९७६ सालीं हेंडरसन व मॉरिस या जोडीनें आणि अमेरिकेंतील इंडियाना विद्यापीठाच्या फ्रीडमन व वाइज या जोडीनें स्वतंत्रपणें आळशी गणनाचा पुरस्कार केला. स्कॉटलंडांत डेव्हिड टर्नर यांनीं आपली सासल ही भाषा त्याच सुमारास आळशी केली. टर्नर यांचीच मिरांडा १९८५ मध्यें आली, आणि अनेक विद्वानांनीं मिळून केलेली हॅस्केल १९९० मध्यें.

लाभ खरोखरच मोठा होता. सर्व मूळ संख्यांची अनंत यादी खुशाल लिहावी आणि तींतील पहिल्या दहा मागाव्या. यंत्र दहांवर थांबतें. यादी करणारा आणि तींतून निवडणारा यांनीं एकमेकांची पर्वा करण्याचें कारण उरत नाहीं.

आतां दुसरी बाजू. एखाद्या पेढीवरील कारकुनाला एकापासून दहा लाखांपर्यंतचे आंकडे मिळवावयाचे आहेत असें समजावें. उद्योगी कारकून एकच बेरीज मनांत धरतो आणि आंकडा येतांच ती वाढवितो. आळशी कारकून चिठ्ठी लिहितो: 'शून्यांत एक मिळवावा.' मग दुसरी: 'मागील चिठ्ठीच्या उत्तरांत दोन मिळवावे.' अखेर मालक बेरीज मागतो, तेव्हां दहा लाख चिठ्ठ्यांची चळत उभी असते. उत्तर मात्र अगदीं बरोबर येतें! दोष लपून राहतो तो यामुळेंच. उत्तर चुकलें असतें, तर कोणीही तो तत्काळ शोधला असता. येथें यंत्राची स्मृति तेवढी भरून जाते आणि कारण कोठें दिसत नाहीं.

यंत्रांत केर काढणारी व्यवस्था असते हें खरें. परंतु ज्याकडे कोणाचाही निर्देश उरला नाहीं तेंच ती फेंकते. सरासरीचें उदाहरण घ्यावें. यादीची बेरीज आधीं करून मग तिची लांबी मोजली, तर लांबीसाठीं ती यादी अखेरपर्यंत राखून ठेवावी लागते. जॉन ह्यूज यांनीं या प्रश्नाचा खोल विचार केला आणि बेरीज व लांबी हीं दोन्ही कामें समांतर चालवावीं असा मार्ग सुचविला. दोन्ही बरोबरीनें पुढें सरकलीं म्हणजे मागची यादी केरांत जाते. एकाच फेरींत बेरीज व संख्या दोन्ही धरावीं, हाही उपाय आहे. पण आळशी भाषेंत त्या दोहोंच्याही चिठ्ठ्यांच्या चळती वाढूं लागतात! एक छिद्र बुजवावें तों शेजारीं दुसरें पडतें.

फिलिप वॉडलर यांनीं १९८७ सालीं केर काढणाऱ्यालाच थोडें शहाणें केलें. मजकुराचे 'पहिली ओळ' आणि 'उरलेला भाग' असे दोन तुकडे पाडले, तर दुसऱ्या तुकड्याची चिठ्ठी मूळ जोडीला धरून राहते, आणि छापून झालेली पहिली ओळही त्यामुळें सुटत नाहीं. जोडी तयार असेल तर केर काढतां काढतांच तींतील हवा तो भाग उचलून चिठ्ठी निकालांत काढावी, अशी त्यांची युक्ति होती. तत्पूर्वीं १९८० मध्यें ॲलन मायक्रॉफ्ट यांनीं, कोणतें उत्तर पुढें लागणारच हें आधींच ओळखण्याची रीत मांडली होती. तें ओळखलें कीं चिठ्ठी लिहिण्याची गरज नाहीं. १९९६ च्या हॅस्केल १.३ मध्यें तर 'हें आतांच सोडवावें' असें सांगण्याची सोय आज्ञावली लिहिणाऱ्याच्याच हातीं दिली. मात्र हा चाबूक सर्वत्र उगारण्यांत अर्थ नाहीं. 'एक ते दहा लाख' ही चिठ्ठी इवलीशी असते. ती घाईनें सोडविली कीं दहा लाख घरें अडतात.

मग चाबूक कोठें उगारावा? इंग्लंडांतील यॉर्क विद्यापीठाचे कॉलिन रन्सिमन व डेव्हिड वेकलिंग यांनीं १९९३ मध्यें प्रसिद्ध केलेलें काम या सर्व युक्त्यांहून मोलाचें ठरलें, कारण त्यांनीं गळती डोळ्यांना दाखविली. स्मृतींतील प्रत्येक घरावर तें कोणी निर्माण केलें व तें कोणत्या जातीचें याची खूण ठेवावी, आणि आडव्या अक्षावर काळ व उभ्यावर जागा घेऊन आलेख काढावा. ज्या फंक्शनचा पट्टा फुगला असेल, तेथें पाहावें. तर्कशास्त्रांतील विधानांना ठराविक रूप देणाऱ्या एका आज्ञावलीवर त्यांनीं हें साधन प्रथम चालविलें, आणि आलेख पाहून थोडे फेरफार करतांच तिला लागणारी जागा एकदम घटली.

यानंतर १९९६ मध्यें निकलस रॉयेमो व रन्सिमन यांनीं प्रत्येक घराचें चरित्रच लिहिलें. निर्मितीपासून पहिल्या वापरापर्यंतचा खोळंबा, मग उपयोगाचा काळ, आणि शेवटच्या वापरानंतर नष्ट होईपर्यंतचें रेंगाळणें. ज्यांचा कधींच वापर झाला नाहीं तीं घरें व्यर्थ. खोळंबा दिसला तर वस्तु उशिरां निर्माण करावी. रेंगाळणें दिसलें तर तिला कोण धरून बसलें आहे तें शोधावें. या धरणाऱ्याचा पत्ता सांगणारें साधनही त्याच दोघांनीं त्याच वर्षीं मांडलें, आणि हॅस्केलच्या जीएचसी या भाषांतरकांत आज घराचें चरित्र व धरणाऱ्याचें नांव हीं दोन्ही मागून घेतां येतात. पुष्कळदां तें नांव आज्ञावलीच्या आरंभींच, कोणत्याही फंक्शनच्या बाहेर, सहज लिहून ठेवलेल्या एखाद्या यादीचें निघतें.