गोठ्यातली जावा

आमच्या परड्यात पत्र्याची एक शेड आहे. घरातले सगळे तिला अजून गोठाच म्हणतात. शेवटची म्हैस जाऊन वीसेक वर्षं झाली, गव्हाणीत आता पान्हे आणि नट-बोल्टचे डबे असतात, पण नाव काही बदललं नाही. मध्ये पुण्याच्या मावशीचा फोन आला तेव्हा आईनं सांगितलं, "तो गोठ्यात आहे, रात्री नऊच्या आत यायचा नाही." मावशीला वाटलं, मी नोकरी सोडून पुन्हा म्हशी घेतल्या!

तर मावशी, म्हैस नाही, जावा आहे. अण्णांची. 1968 ची, 250 सीसी. गेला अख्खा उन्हाळा मी आणि पुतण्या त्या गाडीच्या मागं लागलो होतो. नातेवाइकांपैकी निम्म्यांना ती आठवत असेल, कारण त्यातले बरेचजण लहानपणी तिच्या टाकीवर बसून पंचगंगेवरच्या शिवाजी पुलावरून कोल्हापुरात गेलेले आहेत.

अण्णांनी ती 1976 साली जुनी म्हणून घेतली आणि 1991 पर्यंत चालवली. मग ती धूर ओकायला लागली, घरात स्कूटर आली, आणि जावा गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्यांखाली गेली. तिथं ती तशीच राहिली असती. पण ऑगस्ट 2019 मध्ये पूर आला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. आमच्या गोठ्यात छातीएवढं पाणी होतं. 2021 मध्ये पुन्हा तेच. दुसऱ्या पुरानंतर गाळ काढताना पोत्यांखालून हँडल वर आलं. अण्णा म्हणाले, "भंगारवाल्याला बोलव." मी हो म्हणालो आणि बोलवलं नाही.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय ही गाडी कळायची नाही.

'जावा' हे नाव बेटावरून आलेलं नाही. 1929 साली प्रागमध्ये फ्रान्तिशेक यानेचेक नावाच्या कारखानदारानं वाँडरर या जर्मन कंपनीचा मोटरसायकलचा धंदा विकत घेतला. यानेचेकचा 'जा' आणि वाँडररचा 'वा' मिळून जावा. भारतात ती आणली रुस्तम इराणींनी. 1960 च्या सुमारास म्हैसूरला आयडियल जावा कंपनी उभी राहिली आणि 1961 मध्ये उत्पादन सुरू झालं. 1973 पासून तीच गाडी येझदी या नावानं निघायला लागली. 1996 मध्ये कारखाना बंद पडला. 2018 मध्ये जावा हे नाव पुन्हा बाजारात आलं, पण ती गाडी वेगळी, चार स्ट्रोकची.

साठच्या दशकात आपल्याकडे मोटरसायकल घ्यायची म्हणजे बुलेट, जावा नाहीतर राजदूत. बाहेरची गाडी आणायची सोय नाही, आणि नवी घ्यायला पैसे नाहीत. म्हणजे एकदा घरात आलेली गाडी मोडली की ती दुरुस्तच करायची, दुसरा मार्ग नव्हता. जावा त्याला बरी. टू-स्ट्रोक इंजिन, त्यात व्हॉल्व्ह नाहीत, पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक एवढेच मुख्य हलणारे भाग. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. गिअर आणि किक एकाच दांडीवर, दांडी आत दाबून वर फिरवली की तिचीच किक होते. नव्या पोरांना हे दाखवलं की ती खुळ्यासारखी बघत राहतात.

आमचं इंजिन खोललं तेव्हा आत पंचगंगेचा गाळ होता. वाळून घट्ट झालेला. पिस्टन सिलिंडरला गंजानं चिकटून बसला होता. डिझेल आणि रॉकेल ओतून दहा दिवस ठेवला, मग ब्लो लॅम्पनं सिलिंडर बाहेरून तापवला आणि लाकडी ठोकळा ठेवून हातोडीनं ठोकत ठोकत खाली आणला. पुतण्यानं त्याचा व्हिडिओ काढलाय, त्यात माझ्या तोंडचे काही शब्द आहेत, आत्यानं तो बघू नये.

सिलिंडर साफ करून मापला तेव्हा पहिलं आश्चर्य. नव्या जावाचा बोअर 65 मिलिमीटर आणि स्ट्रोक 75, म्हणजे साधारण 249 सीसी. आमचा बोअर निघाला 66. सिलिंडर झिजला की तो कातून पाव मिलिमीटर मोठा करतात आणि तेवढा मोठा पिस्टन घालतात. म्हणजे अण्णांच्या गाडीचं असं चार वेळा झालं होतं. मी हिशोब केला, 66 बोअरला जवळपास 257 सीसी भरतात. आरसी बुकात 249 ची गाडी पंधरा वर्षांत जवळपास आठ सीसीनं वाढली होती!

हे चारही रिबोअर उद्यमनगरात झालेले. आता बाहेरच्या मित्रांसाठी सांगतो, कोल्हापूर म्हटलं की तुम्हाला अंबाबाई, तांबडा-पांढरा आणि चपला आठवतात. आम्हाला चौथी गोष्ट आठवते ती शिवाजी उद्यमनगर. गल्ल्याच्या गल्ल्या लेथच्या. एक माणूस फक्त बोअरिंग करतो, शेजारचा फक्त होनिंग, पलीकडचा फक्त क्रँक दाबतो आणि सरळ करतो. शहराच्या आसपास फौंड्र्या. ही सवय जुनी आहे. इथल्या ऊसकऱ्याला नदीचं पाणी वर उचलायला इंजिन लागायचं, गुऱ्हाळाला चरक लागायचा, आणि हंगामात ते बंद पडलं की मुंबईहून भाग येईपर्यंत ऊस थांबत नाही. मग भाग इथंच ओतायचा, इथंच कातायचा.

त्याच्याही आधीचं एक उदाहरण मला फार आवडतं. बाबूराव पेंटर हे नाव सगळ्यांना माहीत असतं, पण त्यांचं मूळ आडनाव मेस्त्री हे फार थोड्यांना ठाऊक. ते आणि त्यांचे भाऊ आनंदराव चित्रं काढायचे, नाटकांचे पडदे रंगवायचे. दोघांच्या डोक्यात सिनेमा शिरला. सिनेमाला कॅमेरा हवा, तो परदेशी, तेव्हा त्यांनी ठरवलं की आपणच करू. आनंदराव 1916 मध्ये गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना बरोबर घेऊन काम पुरं केलं, आणि कोल्हापुरात घडलेल्या त्या कॅमेऱ्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' तयार झाला. तो 1920 साली लागला. खरी कॉर्नरला आजही कॅमेऱ्याचं स्मारक आहे. लोक तिथं सिनेमाला नमस्कार करतात. मला मात्र तिथून जाताना कानशीने पितळ घासत बसलेला माणूस दिसतो.

असो. सांगायचा मुद्दा, सिलिंडर घेऊन मी उद्यमनगरात गेलो. मेस्त्रींनी तो हातात फिरवला आणि म्हणाले, "ह्यात आता कातायला काय उरलं नाही. स्लीव्ह घालूया." म्हणजे सिलिंडर आतून मोठा करायचा, त्यात बिडाची नवी नळी दाबून बसवायची आणि ती कातून पुन्हा 65 ला आणायची. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला भिंतीतच खिडक्या असतात, पेट्रोलची हवा आत यायला आणि धूर बाहेर जायला. नळीला त्या खिडक्या जुन्या खिडक्यांशी तंतोतंत जुळवून कापाव्या लागतात. केसभर चुकलं तरी गाडीची ताकद जाते. मेस्त्रींनी ते दोन दिवसांत करून दिलं. क्रँकचं बेअरिंग बदललं, दोन्ही बाजूंची सील नवी घातली. धूर ओकायचं खरं कारण ही सीलच होती. एका बाजूचं सील गेलं की इंजिन गिअरचं ऑइल ओढून जाळत बसतं. 1991 मध्ये एवढंच झालं असतं तर गाडी पोत्यांखाली गेलीच नसती.

इंजिनाचं ठरलं. भांडण झालं ते सांगाड्यावरून.

पुतण्याला तिची कॅफे रेसर करायची होती. दुसऱ्या महायुद्धानंतर परत आलेल्या अमेरिकन सैनिकांनी जड गाड्यांचे मडगार्ड कापून त्या हलक्या केल्या, आणि पुढे लंडनच्या एस कॅफेसमोर पोरं खाली वाकलेली हँडलं लावून शर्यती करायला लागली. तिथून ही फॅशन. मी त्याला कायदा सांगितला. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलंय की कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेच्या विरुद्ध बदल चालणार नाहीत. उलट 2021 पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आहे. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा बदल नको. रोजच्या वापरालाही ती चालत नाही, रॅली किंवा प्रदर्शनापुरतीच. माझ्या मनात ते व्हिंटेज भरलं होतं.

पुतण्या म्हणाला, "काका, मग हे काय?" आणि त्यानं मागं बोट दाखवलं.

मागं दुधाचं स्टँड होतं. मला ते कधी वेगळं असं दिसलंच नव्हतं, माझ्यासाठी ती गाडीच होती. 1977 साली अण्णांनी ते लोखंडी अँगलमधून करून घेतलं आणि सांगाड्याला वेल्डिंग केलं. दोन्ही बाजूंना चाळीस लिटरचा एकेक कॅन. भरलेले दोन्ही धरले तर क्विंटलभर वजन. ते ओढायला मागचं चक्र चार दात मोठं घातलं होतं. 1963 मध्ये गोकुळ दूध संघ निघाला, पण आमच्या आजोबांची शहरातली घरं आणि चहाच्या गाड्या बांधलेल्या होत्या, त्या त्यांनी सोडल्या नाहीत. पहाटे साडेचारला अण्णा दूध घेऊन निघायचे. म्हणजे लंडनची पोरं हँडल वाकवत होती, तशीच अण्णांनीही गाडी बदलून घेतली होती. फक्त तिला कुणी कस्टमायझेशन म्हणत नव्हतं.

हे सुचल्यावर मला फार भारी वाटलं. मी जाहीर केलं की स्टँड राहणार, हाच आपला इतिहास. व्हिंटेज गेलं उडत. संध्याकाळी अण्णा गोठ्यात आले, तेव्हा त्यांनाही हे भाषण ऐकवलं.

ते खाली बसले. म्हणाले, "काप की रं ते. काय देवाचं हाय?"

मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही पंधरा वर्षं..."

त्यांनी उजव्या पायाचं धोतर वर केलं. पोटरीवर वीतभर जुना व्रण आहे, मी लहानपणापासून बघत आलोय. वहाण लागून झालाय असं आम्हाला सांगितलेलं. ते म्हणाले, "पावसात पाय घसरला की ती कड घासायची. बरं व्हायच्या आत परत घासायची. मी जावा घेतली ती फिरायला घेतली होती. साहेब लोकं घेऊन जायची तशी. वर्षभर चालवली तशी. मग तुझ्या आजानं सांगितलं, स्टँड बसव."

एवढंच बोलले आणि उठून गेले. त्या एका वर्षाबद्दल घरात कुणी कधी काही सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ग्राइंडर लावला. स्टँड निघालं, पण त्याच्या खाली सांगाड्याची नळी तडकलेली होती आणि तिच्यावर एक पट्टी वेल्डिंग केलेली. ओझ्यानंच तडकली असणार. पट्टी काढली तर गाडीवर बसणं धोक्याचं, ठेवली तर सांगाडा मूळ नाही. पट्टी ठेवली, घासून साफ केली आणि वरून काळा रंग मारला. व्हिंटेजचा अर्ज भरला नाही. साध्या फेरनोंदणीचे कागद जमवतोय, तपासणीला विचारलं तर जे आहे ते दाखवू. पुतण्याची समजूत मूळ पद्धतीच्या लाल रंगावर आणि टाकीच्या क्रोमवर काढली. मागचं चक्रही पुन्हा लहान घातलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती सुरू झाली. माझ्या अकरा किका वाया गेल्या. अण्णांनी मला बाजूला केलं, पेट्रोल चालू केलं, कार्बुरेटरचं बटण बोटाला पेट्रोल लागेपर्यंत दाबलं आणि दुसऱ्या किकला सुरू केली. वय वर्षं शहात्तर. आई ओट्यावरून ओरडत होती, ते ऐकायला येत नव्हतं.

कागद व्हायचे आहेत म्हणून रस्त्यावर नेली नाही. अण्णा घरामागच्या पाणंदीनं शेताच्या बांधापर्यंत गेले आणि परत आले. मी विचारलं, "कशी आहे?"

म्हणाले, "हलकी लागती."

स्टँड गोठ्याच्या भिंतीला उभं केलंय. आईनं त्यावर मिरच्या वाळत घातल्यात.