प्रवासी बी आणि घरबशे बी

दोन वर्षांपूर्वी कुमाऊँमधील एका स्नेह्याने पाकिटातून थोडेसे बी पाठवले होते. पाकीट उघडले तेव्हा प्रथम वाटले की आत काहीच नाही. मग तळाशी तपकिरी भुकटी दिसली. ते बुरांसाचे, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनचे बी होते. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ ‘गुलाबवृक्ष’. कुमाऊँ-गढवालात त्याला बुरांस म्हणतात, नेपाळात लालीगुरांस. मराठीत त्याला रूढ नाव नाही. जे झाड आपल्या डोंगरांत उगवत नाही, त्याला नाव तरी कोण देणार? सह्याद्रीत ते नाही आणि सातपुड्यातही नाही. दक्षिणेत निलगिरीच्या माथ्यावर मात्र त्याची एक जात शतकानुशतके टिकून आहे.

तरीही मी ते शहाद्याच्या घरामागच्या परसात पेरले. वाचनातून इतके ठाऊक होते की हे बी मातीखाली पुरायचे नसते. त्याला रुजण्यासाठी उजेड लागतो. नारळाचा काथ्या आणि शेवाळ यांच्या ओल्या थरावर ते नुसते भुरभुरायचे, वर काच ठेवायची आणि वाट पाहायची. डिसेंबरात पेरले आणि तीनेक आठवड्यांनी टाचणीच्या डोक्याएवढी हिरवी पाने दिसू लागली. तो आनंद जेमतेम दोन महिने टिकला. बोअरवेलचे पाणी घालताच पाने पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. या झाडाला आम्लधर्मी माती हवी असते. तापीकाठची काळी जमीन चुनखडीची आणि पाणीही तसेच. पुढे साठवलेले पावसाचे पाणी घातले, पण तोवर मार्च उजाडला होता. एप्रिलच्या उन्हाने उरलेसुरले संपवले.

ही हकीकत बागकामाच्या फजितीची म्हणून सांगत नाही. त्या रिकाम्या कुंडीपाशी मला पडलेला प्रश्न इतिहासाचा होता. हिमालयातील एका झाडाचे बी रुजवण्याची पद्धत मला पुस्तकांतून इतक्या तपशिलाने कशी मिळाली? ते ज्ञान इतके बारकाईने कोणी आणि कशासाठी लिहून ठेवले?

उत्तर शोधू गेल्यास आपण एकोणिसाव्या शतकात पोहोचतो. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख नॅथॅनिएल वॉलिक यांनी बुरांसाचे बी टिनाच्या डब्यांत तपकिरी साखरेत घालून इंग्लंडला धाडले, असे सांगितले जाते. १८२५च्या सुमारास तेथे त्याला पहिल्यांदा फूल आले. मूळ बुरांसाला इंग्लंडची थंडी सोसेना, म्हणून तेथील माळ्यांनी काटक अमेरिकन जातींशी त्याचा संकर केला आणि हिमालयाचा लाल रंग उमरावांच्या बागांत उतरवला. पुढे १८४८ मध्ये जोसेफ डाल्टन हूकर दार्जिलिंगला आले. सिक्कीमच्या डोंगरांतून त्यांनी ऱ्होडोडेंड्रॉनच्या कितीतरी जाती गोळा केल्या आणि त्यांचे बी क्यूच्या उद्यानात पाठवले. त्यांचे वडील विल्यम हूकर त्या उद्यानाचे संचालक होते. १८४९ ते १८५१ या काळात तीन भागांत, तीस रंगीत चित्रांसह ‘द ऱ्होडोडेंड्रॉन्स ऑफ सिक्कीम-हिमालया’ हा ग्रंथ निघाला आणि ब्रिटनमध्ये या झाडाचे वेडच लागले.

या बागायती कथेला एक राजकीय पोटकथा आहे. नोव्हेंबर १८४९ मध्ये सिक्कीमच्या दिवाणाने हूकर आणि दार्जिलिंगचे अधिकारी आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांना अटकेत ठेवले. डिसेंबरात दोघांची सुटका झाली. पण त्या निमित्ताने १८५० मध्ये कंपनी सरकारने सिक्कीमचा तराईचा मुलूख खालसा केला. बी गोळा करणारा माणूस आणि मुलूख गिळणारे सरकार यांच्या वाटा किती जवळून जात होत्या, हे यातून दिसते. हूकरांच्या विद्वत्तेला यामुळे उणेपणा येत नाही. मात्र त्या बियांना जी वाट मिळाली, ती सत्तेने आखलेली होती, हे विसरता येत नाही.

ही वाट आपल्याकडूनही जात होती. पुण्याजवळ दापोडीला १८२८ मध्ये मुंबई सरकारचे वनस्पती उद्यान सुरू झाले. १८३८ पासून अलेक्झांडर गिब्सन त्याचे अधीक्षक होते. हूकर सिक्कीममध्ये हिंडत होते त्याच सुमारास, १८४७ ते १८५० या काळात, गिब्सन यांनी एका चित्रकाराकडून दापोडीच्या झाडांची चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या उद्यानाच्या संग्रहात आहेत. चित्रकाराचे नाव मात्र उरले नाही. हेच गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. बागेचा अधीक्षक आणि जंगलाचा रखवालदार ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे असावीत, हा केवळ योगायोग मानता येणार नाही. झाडांची नोंद ठेवणारी नजर आणि झाडांवर हक्क सांगणारी नजर त्या काळी एकच झाली होती.

आता आमच्या सातपुड्याकडे येतो. येथील मोठे झाड म्हणजे मोह. संस्कृतात मधूक. मार्च-एप्रिलमध्ये त्याची फुले पहाटे गळतात आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर बायामुले टोपल्या घेऊन झाडाखाली बसतात. बुरांसाप्रमाणे मोहाचे फूलही खाण्याचे. तिकडे पाकळ्यांचे सरबत करतात. इकडे फुले वाळवून वर्षभर खातात, गुरांना घालतात आणि दारूही गाळतात. जून-जुलैत फळे पिकतात आणि बियांचे तेल निघते. कोणते झाड कोणत्या घराचे, हे पाड्यावर सर्वांना ठाऊक असते आणि तो हक्क पिढ्यांमागून पिढ्या चालतो.

या झाडालाही इंग्रजांनी कागदावर आणले, पण ते कायद्याच्या. १८७८ मध्ये वन कायदा आला आणि त्याच वर्षी मुंबईचा अबकारी कायदाही. १८९२ मध्ये तर खास ‘म्होवरा ॲक्ट’ झाला. ठाणे-कुलाबा भागात मोहफुले गोळा करण्यावर, साठवण्यावर आणि विकण्यावर त्याने बंधने घातली. सरकारी दारूचा महसूल बुडू नये, हा त्यामागचा हिशेब होता. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही मोहफूल राहिलेच. राज्यकर्ते बदलले, फुलावरचा संशय कायम राहिला. म्हणजे एका डोंगरातले फूल रंगीत ग्रंथात गेले आणि दुसऱ्या डोंगरातले कायद्याच्या कलमात.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. दारूने या समाजाचे नुकसान केले, हे आदिवासींनी स्वतःच ओळखले होते. १९२२ मध्ये दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात देवीच्या चळवळीने दारू-ताडी सोडण्याचा निश्चय केला. डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ साली तिचा सविस्तर इतिहास लिहिला. १९३०च्या दशकात आमच्या तळोदा भागात गुलाम महाराजांच्या मागे असंख्य लोकांनी व्यसन टाकले. परंतु दारू आपणहून सोडणे निराळे आणि फुलालाच गुन्हेगार ठरवणे निराळे. पहिल्यात माणसाचा निर्धार असतो, दुसऱ्यात सरकारची सोय. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील मालकी मान्य केली आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने मोहफुले गोळा करण्यावरील व साठवण्यावरील बंधने उठवली. म्होवरा ॲक्टपासून मोजले तर मध्ये एकशे एकोणतीस वर्षे गेली.

या दोन झाडांच्या नशिबातला फरक थोडाफार त्यांच्या बियांतही आहे, असे मला वाटू लागले आहे. बुरांसाचे बी धुळीसारखे हलके. कोरडे ठेवले तर वर्ष-दोन वर्षे जिवंत राहते. डब्यात, पाकिटात, जहाजावर कोठेही जाते. मोहाचे बी जड, तेलकट आणि अल्पायुषी. फळातून काढल्यावर काही आठवड्यांतच त्याची उगवण्याची ताकद संपते. ते झाडाखाली ताजे उचलायचे आणि लगेच पेरायचे. शिवाय सोटमूळ इतक्या वेगाने खाली जाते की रोप पिशवीत फार दिवस राहू शकत नाही. असे बी संग्रहात टिकत नाही. त्याला टिकवायचे तर झाडाजवळ राहणारी माणसेच लागतात. मोहाखाली राहणाऱ्यांना जंगलातून दूर करणे म्हणजे त्याच्या बियांना उपटणे होय, हे मला बुरांसाच्या फजितीने शिकवले.

ब्रिटनमधील बागांच्या हौसेचा शेवटही सांगायला हवा. १७६३ च्या सुमारास तेथे आणलेली ऱ्होडोडेंड्रॉन पॉन्टिकम ही जात पुढे बागेबाहेर पडली आणि रानात इतकी माजली की आज तिला उपटून काढण्यासाठी मोठा खर्च करावा लागतो. नेलेले बी नेणाऱ्याचे ऐकतेच असे नाही.

माझ्या वर्गात अक्राणीकडचा एक विद्यार्थी होता. कुंडीतील रोपे मेल्याचे मी त्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, “सर, एवढी मेहनत करता, तर परसात मोह का लावत नाही?” मी म्हणालो, त्याला फूल यायला दहा-बारा वर्षे लागतील. तो हसून म्हणाला, “आमच्या आजोबांनी लावला तेव्हा त्यांनी वर्षे मोजली नव्हती, सर.” गेल्या जुलैत त्यानेच ताजे बी आणून दिले. दोन उगवले आहेत. चुनखडीबद्दल त्यांची अजून तरी तक्रार नाही.