फुले, मृतस्मरणातील

मृतांना वाहिलेल्या फुलांचे रंग, गंध व त्यांमागील संकेत. ही नोंद मुख्यतः वर्धा जिल्ह्यातील आष्टी (शहीद) आणि विदर्भ यांपुरती आहे.

श्राद्ध : विष्णुस्मृतीच्या 79व्या अध्यायानुसार उग्र वासाची, बिनवासाची व काटेरी झाडांची फुले पितरांना वर्ज्य. पांढरी व सुवासिक असतील तर काटेरी झाडांचीही चालतात. लाल फुलेही वर्ज्य, पण पाण्यात उगवलेली असतील तर चालतात. त्यामुळे लाल कमळ ग्राह्य ठरते. पुराणवचनांत जास्वंद, रुई व कोरांटी निषिद्ध. जाईबाबत ग्रंथकारांत एकमत नाही. प्रत्यक्षात तुळस, माका व मिळतील ती पांढरी फुले वापरतात. माका (एक्लिप्टा प्रोस्ट्राटा, कुल ॲस्टरेसी) ओलसर बांधावर व नालीकाठी आपोआप वाढतो. फुलोरा पांढरा, गोल, बटणासारखा. पान चुरडल्यास रस थोड्या वेळात काळा पडतो. ऐन पितृपक्षात तो विनासायास मिळतो. त्याचा प्रसार पावित्र्याइतकाच या सुलभतेमुळे झाला असावा. अक्षय तृतीयेला पितरांसाठी घागर भरतात. तेथे फुलापेक्षा पाण्याला महत्त्व.

झेंडू : टॅजेटिस प्रजाती मूळची अमेरिका खंडातील, भारतात ती पोर्तुगीज काळात आली असे सामान्यतः मानतात. साहजिकच जुन्या विधिनिषेधांत तिचा उल्लेख नाही. मेक्सिकोत 1 व 2 नोव्हेंबरला झेंडूचा रंग व वास मृतात्म्यांना घरची वाट दाखवतो, अशी समजूत आहे. महाराष्ट्रात तोच झेंडू दसऱ्याच्या तोरणात, तिरडीवर आणि पुतळ्याच्या हारातही असतो; शोकाचे फूल असा वेगळा अर्थ त्याला चिकटलेला नाही.

बौद्ध : वंदनेत फूल अनित्यतेचे चिन्ह, ते कोमेजते तसा देहही नाश पावतो, हा आशय. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातही पुष्प अर्पण करतात.

मुस्लिम : कबरीवर गुलाब व फुलांची चादर. याविषयी धार्मिक मते भिन्न आहेत. आष्टीत मोगल सरदार मुहम्मद खान नियाझी (मृत्यू 1627) व अहमद खान (मृत्यू 1651) यांचे मकबरे आहेत.

हुतात्मा स्मरण : 16 ऑगस्ट 1942 रोजी आष्टीच्या पोलीस ठाण्यावरील मोर्चाच्या वेळी झालेल्या संघर्षात गावकरी व पोलीस दोन्ही बाजूंचे लोक मरण पावले. हुतात्मा स्मारकांवर वाहिले जाणारे पुष्पचक्र ही युरोपीय लष्करी व शासकीय शिष्टाचारातून आलेली पद्धत.

ख्रिस्ती : 2 नोव्हेंबरला कबरींवर फुले व मेणबत्त्या ठेवतात.