भाटीच्या स्तनग्रंथींची सूज : एका रोगसंज्ञेचा इतिहास

१९७३ साली 'व्हेटरनरी पॅथॉलॉजी' या नियतकालिकात एच. एल. ॲलन यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. मांजरीच्या स्तनग्रंथींची 'हायपरट्रॉफी', म्हणजे अतिपुष्टी, हा त्याचा विषय होता. विकृतिविज्ञानातील एक साधे निरीक्षण एवढेच त्याचे स्वरूप वरवर दिसते. तथापि ज्या विकाराचे वर्णन त्यात आले, त्याला पुढील तीस वर्षांत निदान चार नावे मिळाली, आणि प्रत्येक नावाबरोबर रुग्ण मांजरीचे भवितव्य बदलत गेले. अर्बुद म्हटले की शस्त्र पुढे येते. वृद्धी म्हटले की तिचे कारण शोधले जाते. त्यामुळे या विकाराच्या नामकरणाचा प्रश्न केवळ कोशकारांचा राहिलेला नाही.

मराठीत मांजराच्या मादीला 'भाटी' असा स्वतंत्र शब्द आहे. बोका आणि भाटी ही जोडी व्याकरणाच्या पुस्तकांतून टिकून असली, तरी बोलण्यात 'मांजरी'नेच तिची जागा घेतली आहे. हा विकार बहुधा वर्षा-दोन वर्षांच्या आतल्या भाटीला होतो. ती नुकतीच पहिल्यांदा माजावर येऊन गेलेली असते किंवा गाभण राहून थोडेच दिवस झालेले असतात. मांजरीला साधारणतः स्तनांच्या चार जोड्या असतात. त्यांपैकी काही किंवा सर्वच ग्रंथी थोड्या दिवसांत भराभर वाढू लागतात. ग्रंथी घट्ट लागते, वरची कातडी ताणली जाते, आणि वाढ फार झाली तर कातडी फाटून व्रण पडतात व त्यात जंतुसंसर्ग होतो. आरंभी भाटी बहुधा खातपीत असते, ताप नसतो, पिळून पाहिले तर दूध येत नाही. दुभत्या जनावरांच्या ज्या कासदाहाला शेतकरी 'दगडी' म्हणतात, त्याहून ही अवस्था वेगळी आहे हे यावरून कळते. कर्करोगाशी तिची गल्लत होणे मात्र अधिक घातक ठरते. मांजरीच्या स्तनांतील खऱ्या अर्बुदांपैकी बहुतांश, म्हणजे दहांतील आठांहून अधिक, मारक असतात. ती प्रायः दहा-बारा वर्षांच्या प्रौढ मांजरींत आढळतात. हे प्रमाण ज्याच्या मनात पक्के बसले आहे त्या चिकित्सकाने आठ महिन्यांच्या भाटीच्या पोटाखाली लोंबणाऱ्या गोळ्यांना अर्बुद मानले, तर त्याला फारसा दोष देता येत नाही. परंतु त्या एका शब्दाने सर्व स्तन कापून काढण्याचा, प्रसंगी प्राण्याला मारून टाकण्याचा निर्णय होत असे.

या विकाराचे कारण कळण्यास जे ज्ञान आवश्यक होते, ते मांजरीच्या विकाराचे वर्णन होण्यापूर्वी कितीतरी आधी तयार झाले होते. १९०५ च्या जून महिन्यात अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी लंडनमधील क्रूनियन व्याख्यानांत 'हॉर्मोन' हा शब्द प्रथम वापरला. 'मी चालना देतो, उद्दीपित करतो' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून तो घडविलेला आहे, आणि तो केंब्रिजमधील एका ग्रीक पंडिताने सुचविला असे सांगतात. मराठीतील 'संप्रेरक' हा त्याचा प्रतिशब्द येथे मुद्दाम पाहण्यासारखा आहे. सम् आणि प्र या उपसर्गांना ईर्, म्हणजे हलविणे, गती देणे, हा धातू जोडून तो सिद्ध झाला आहे. मूळ ग्रीक कल्पनेचा इतका नेमका अनुवाद शास्त्रीय परिभाषेत क्वचितच साधतो. 'अंतःस्राव' हा शब्द पदार्थ कोठून येतो एवढेच सांगतो. तो पदार्थ काय करतो हे 'संप्रेरक' सांगतो.

१९०६ मध्ये स्टार्लिंग व जेनेट लेन-क्लेपन यांनी सशांवर प्रयोग केले आणि स्तनग्रंथींच्या वाढीस कारणीभूत होणारा पदार्थ गर्भातून येतो असा निष्कर्ष काढला. हा निष्कर्ष टिकला नाही. १९०३ मध्येच ब्रेस्लाऊच्या लुडविग फ्रेंकेल यांनी अंडाशयातील पीतपिंड काढून टाकल्यास सशाचा गर्भ टिकत नाही असे दाखविले होते. १९१० च्या सुमारास फ्रान्समध्ये आन्सेल व बूआँ यांनी नसबंदी केलेल्या नरांशी मादी सशांचा संयोग घडवून आणला. गर्भ नाही, परंतु पीतपिंड आहे, अशी स्थिती त्यामुळे निर्माण झाली. तरीही स्तनग्रंथी वाढल्या. गर्भावाचून स्तनांची वाढ होऊ शकते, ही भाटीच्या विकाराची गुरुकिल्ली त्याच वेळी हाती आली होती.

मांजरीची प्रकृती याबाबत सशासारखीच आहे. १९११ मध्ये लाँगली यांनी दाखविले की मांजरीचे अंडमोचन ठराविक काळाने आपोआप होत नाही, तर संयोगाच्या उत्तेजनाने होते. १९३४ मध्ये ग्रॉयलिख यांनी बोका न आणता कृत्रिम उत्तेजनानेही ते घडवून आणले. अंडमोचनानंतर गर्भ राहो वा न राहो, पीतपिंड तयार होतो. गर्भ न राहिल्यास सुमारे चाळीस ते पन्नास दिवस भाटीच्या शरीरात गर्भवतीप्रमाणेच संप्रेरक वाहत असते. कधीकधी संयोगावाचूनही अंडमोचन होते असे पुढे आढळून आले. बोक्याचा संबंध न आलेल्या, घरात कोंडलेल्या भाटीलाही ही सूज का येते, याचा उलगडा त्यावरून होतो. भाटीच्या या अवस्थेसाठी मराठीत 'माज' हा शब्द आहे. तो 'मद्' या धातूशी नाते सांगतो आणि त्यात उन्मत्तपणाची छटा आहे. पाश्चात्त्य शास्त्राने मात्र त्यासाठी गुरांना पिसाळविणाऱ्या माशीचे ग्रीक नाव घेतले. एका भाषेने आतला मद पाहिला, दुसरीने बाहेरचा दंश.

पीतपिंडातील पदार्थाच्या नावाची कथा याहून मनोरंजक आहे. जॉर्ज कॉर्नर व विलर्ड ॲलन (वर उल्लेखिलेले ॲलन वेगळे) यांनी १९२९ मध्ये पीतपिंडाच्या अर्कात गर्भधारणेस पोषक पदार्थ असल्याचे सिद्ध केले व पुढे त्यास 'प्रोजेस्टिन' म्हटले. १९३४ मध्ये तो शुद्ध स्फटिकरूपात चार निरनिराळ्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी मिळविला. जर्मन संशोधकांनी त्यास 'ल्युटिओस्टेरोन' हे नाव दिले. एका नावात गर्भधारणा होती, दुसऱ्यात पीतपिंड व रासायनिक कूळ होते. १९३५ मध्ये लंडनला लैंगिक संप्रेरकांच्या प्रमाणीकरणासाठी परिषद भरली, तेव्हा दोन्ही नावांचे तुकडे जोडून 'प्रोजेस्टेरॉन' हा शब्द सर्वसंमत झाला. ॲलन, बूटेनांट, कॉर्नर व स्लोटा या चौघांनी मिळून तो जाहीर केला. युरोपचे राजकारण तेव्हा कोणत्या दिशेने चालले होते हे लक्षात घेता, एका शब्दावर झालेली ही तडजोड थोडी हेवा वाटावा अशीच आहे. मराठी परिभाषेने त्यास 'गर्भरक्षी' म्हटले. हे नाव सुबोध असले तरी अपुरे आहे. गर्भाशी ज्याचा काहीच संबंध नाही असा अनर्थही हा रक्षक करतो, हे त्यातून कळत नाही.

तो अनर्थ मोठ्या प्रमाणावर दिसू लागला तो मानवाच्या सोयीमुळे. प्रोजेस्टेरॉनसारखे परिणाम करणारी कृत्रिम द्रव्ये मानवी संततिनियमनाच्या गोळ्यांसाठी तयार झाली आणि तेथून ती पशुवैद्यकात आली. मेजेस्ट्रॉल ॲसिटेटच्या गोळ्या व मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन ॲसिटेटची दीर्घकाळ टिकणारी इंजेक्शने मांजरीचा माज थांबविण्यासाठी दिली जाऊ लागली. शस्त्रक्रियेपेक्षा ती स्वस्त व सोपी होती. कातडीच्या विकारांवर आणि घरात लघवीचे फवारे मारण्याच्या सवयीवरही तीच द्रव्ये वापरली गेली, त्यामुळे बोक्यांनाही ती मिळाली. १९७७ मध्ये 'व्हेटरनरी रेकॉर्ड' या इंग्लंडातील साप्ताहिकात हिंटन व गॅस्केल यांनी गर्भावस्थेत किंवा अशा गोळ्या घेतल्यावर येणाऱ्या स्तनवृद्धीची नोंद केली. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच ती 'अर्बुद नसलेली' असे स्पष्ट म्हटले होते. निसर्गातील पीतपिंड आणि औषधाची गोळी यांचा परिणाम एकच, हे या शीर्षकाने एका वाक्यात मांडले. खच्ची केलेल्या बोक्यांतही औषधानंतर हीच सूज आढळते. म्हणजे विकार भाटीचा म्हणून ओळखला जात असला तरी त्याचे मूळ मादीपणात नसून संप्रेरकात आहे.

मग नाव काय द्यावे? पेशी आकाराने वाढणे आणि पेशी संख्येने वाढणे यांत फिर्खो यांनी एकोणिसाव्या शतकातच भेद केला होता. पहिल्या प्रकाराला 'पोषण' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हायपरट्रॉफी म्हणतात, दुसऱ्याला 'घडण' या अर्थाच्या शब्दावरून हायपरप्लेसिया. भाटीच्या ग्रंथीत नलिकांच्या अस्तराच्या पेशी व भोवतीचे सैल, पाणथळ तंतुमय ऊतक यांची संख्येनेच वाढ होते. यास्तव १९७३ चे नाव काटेकोर अर्थाने चुकीचे होते. दुसरीकडे 'फायब्रोॲडेनोमा' हे नाव प्रचारात होते, कारण सूक्ष्मदर्शकाखालचे चित्र स्त्रियांच्या स्तनांतील त्या नावाच्या गाठीसारखे दिसते. या शब्दाचा 'ओमा' हा प्रत्यय ग्रीकमध्ये केवळ क्रियेचे फल दर्शविणारा आहे. वैद्यकाने मात्र त्याला अर्बुदाचा अर्थ चिकटविला. १९८१ मध्ये हेडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी संप्रेरकांची बाजू मांडणारा निबंध लिहिला, त्यात दोन्ही नावे तिरप्या रेघेने जोडून पुढे 'संकुल' असा शब्द लावला. ती तिरपी रेघ म्हणजे शास्त्राच्या अनिश्चिततेची प्रामाणिक कबुलीच होय. नंतर 'फायब्रोॲडेनोमॅटस हायपरप्लेसिया' रूढ झाले. त्यातील विशेषण अर्बुद सुचविते आणि विशेष्य ते नाकारते. 'फायब्रोएपिथेलियल हायपरप्लेसिया' हा पर्याय यापेक्षा निर्दोष आहे, परंतु प्रचारात दोन्ही आहेत.

नावाचा घोळ चालू असतानाच कारणाचा पुढचा दुवा सापडला. १९९० नंतरच्या दशकात नेदरलँड्समधील यूट्रेख्ट येथे मोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की प्रोजेस्टेरॉनवर्गीय द्रव्यांच्या प्रभावाने कुत्री व मांजरी यांच्या स्तनग्रंथीतच वृद्धिसंप्रेरक तयार होऊ लागते. एरवी ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीचे काम. ग्रंथी इतक्या थोड्या दिवसांत इतकी कशी वाढते, याचा अंदाज यावरून येतो.

उपचाराचा मार्ग या कारणमीमांसेतूनच निघाला. अंडाशय काढून टाकल्यास पीतपिंड जातो व सूज काही आठवड्यांत उतरू लागते. पोटाच्या मध्यरेषेवर फुगलेल्या ग्रंथी आड येत असल्याने छेद पुष्कळदा कुशीतून घेतात. दुसरा मार्ग ॲग्लेप्रिस्टोन या औषधाचा. प्रोजेस्टेरॉन पेशीतील ज्या ग्राहीला जाऊन चिकटते तीच जागा हे द्रव्य अडविते. २००१ मध्ये वेहरेंट आदींनी व २००२ मध्ये गोर्लिंगर आदींनी त्याच्या उपयोगाचे अनुभव प्रसिद्ध केले. गाभण भाटीला ते दिल्यास गर्भपात होतो, हे मालकास आधीच सांगावे लागते. अनेक देशांत हे औषध मिळतच नाही. २००५ मध्ये ब्राझीलमधील लोरेत्ती आदींनी मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनच्या केवळ एका इंजेक्शनानंतर उद्भवलेल्या विकाराचे सविस्तर वर्णन केले. अशा वेळी अंडाशय काढूनही लगेच गुण येत नाही, कारण संप्रेरकाचा साठा अंडाशयात नसून टोचलेल्या जागी असतो.

मराठीत या विकारासाठी 'तंतुग्रंथीय अतिघटन' असा एखादा शब्द बनविता येईल. तो कोशात शोभेल, परंतु दवाखान्यात कोणी उच्चारणार नाही. तेथे निवड 'गाठ' आणि 'सूज' या दोन शब्दांतच होते. मराठीच्या वाक्प्रचारात गाठ काढतात, सूज मात्र चढते, उतरते, ओसरते. या क्रियापदांचा विचार केला तर 'सूज' हाच शब्द येथे अधिक शास्त्रशुद्ध ठरतो. काटेकोर वैद्यकीय अर्थाने सूज म्हणजे दाह, आणि येथे दाह नाही, ही अडचण खरी. परंतु ज्या मालकास 'स्तनांना सूज आली आहे' असे सांगितले जाते तो कातडीवरील व्रण धुऊन, पट्टी बांधून काही आठवडे थांबावयास तयार होतो. इंजेक्शनामुळे झालेल्या विकारात हा काळ काही महिन्यांवर जातो, आणि तेवढ्या अवधीत ॲग्लेप्रिस्टोन पुनःपुन्हा द्यावे लागते.